माल्टाच्या दोन खुर्च्या

आमच्या शाळेच्या वाट्याला माल्टा आला त्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "मॅडम, हा देश आहे की शहर?"

"देश आहे सर. मागच्याच वर्षी युरोपच्या संघात घेतलाय."

"मग आपल्याला फ्रान्स का नाही दिला?"

उत्तर होतं, पण ते देऊन उपयोग नव्हता.

गोष्ट दोन हजार पाच सालची. दोह्यातल्या एका बड्या इंग्रजी शाळेनं युरोपच्या संसदेची नक्कल करायची टूम काढली होती. शहरातल्या शाळांना एकेक देश वाटून द्यायचा, मुलांनी त्या देशाचे खासदार व्हायचं, दिवसभर सभा भरवून ठराव मांडायचे आणि मतं द्यायची. खऱ्या संसदेत मोठ्या देशाला जास्त खुर्च्या आणि लहान देशाला कमी असतात, म्हणून इथेही तसंच. जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन यजमान शाळेनं स्वतःकडेच ठेवले होते. बाकीचे देश खालच्या शाळांना उतरत्या भाजणीनं. आम्ही पहिल्यांदाच बोलावलेले, त्यात भारतीय, म्हणून आम्हाला माल्टा. खुर्च्या दोन.

आमच्या एकेका तुकडीत पंचेचाळीस मुलं असायची. शाळा दोन पाळ्यांत चालायची. दुपारच्या पाळीची मुलं फाटकाबाहेर उन्हात उभी असायची आणि सकाळची बसमध्ये कोंबली जात असायची. अशा शाळेला दोन खुर्च्या.

यजमान शाळेचे इतिहासाचे सर इंग्रज होते. स्वभावानं सज्जन. मी फोनवर खुर्च्यांचा विषय काढला तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं, की लोकसंख्येच्या हिशेबानं पाहिलं तर माल्टाला खरं तर वाट्यापेक्षा जास्तच मिळतंय. लहान देश बुडू नयेत म्हणून तशी मुद्दाम सोय केलेली आहे.

मी फोन ठेवला. लहानांनी बुडू नये म्हणून सोय. आम्ही दोह्यात आलो सत्त्याण्णव साली. नव्याण्णवला इथल्या कतारी बायकांनी नगर परिषदेसाठी पहिल्यांदा मत दिलं, त्याचे फोटो मी पेपरात पाहिले होते. मला त्यांचा हेवा वाटला होता, हे सरळ सांगते. तक्रार नाही. आम्हाला कुणी मत देतो म्हणून इथे बोलावलं नव्हतं, पगार देतो म्हणून बोलावलं होतं. पण गावाकडच्या मतदार यादीतूनही आमची नावं गेलेली. परदेशी राहणाऱ्याला तेव्हा तिथेही मत नव्हतं. मी आठवी ते दहावीला नागरिकशास्त्र शिकवायचे आणि सबंध पृथ्वीवर माझं मत कुठेच नव्हतं.

लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं मी नाशिक जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत सभा लिपिक होते. सर्वसाधारण सभेत नगराध्यक्षांच्या डाव्या हाताला बसायचं आणि कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं. सूचक कोण, अनुमोदक कोण, उपसूचना कुणाची, मतं किती. बोलणारे टेबलावर मुठी आपटायचे आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणायचे, "बाई, तेवढं शिवी गाळून लिहा." नवऱ्याला इथल्या गॅसच्या प्रकल्पात नोकरी लागली आणि माझी ती खुर्ची सुटली. तो पहाटे कंपनीच्या बसनं रास लफानला जायचा, अंधार पडल्यावर यायचा. घरात बसून मी भिंतींशी भांडायला लागले असते, म्हणून बी.एड. होतं ते बाहेर काढलं आणि शाळेत लागले.

तर शाळेत सभेचं काम माहीत असलेली मी एकटीच. पण तयारी करून घ्यायची म्हटल्यावर प्राचार्यांनी ती दिली इंग्रजीच्या मॅडमकडे. का, तर आमच्याकडे असल्या सगळ्या गोष्टी म्हणजे वक्तृत्व स्पर्धा. चार मिनिटांचं भाषण लिहायचं, पाठ करून घ्यायचं, कुठे हात वर करायचा, कुठे थांबायचं, शेवट कसा चढवायचा ते बसवायचं. बाईंनी भाषण झकास लिहिलं. त्यात माल्टाचं निळं पाणी होतं, किल्ले होते, भूमध्य समुद्राचा मोती होता. ते पाठ करायला दहावीचा एक मुलगा निवडला. शाळेच्या व्यवस्थापन समितीवरच्या एका गृहस्थांचा मुलगा. वशिल्यानं निवडला असं म्हणणार नाही. आवाज चांगला होता, उच्चार स्वच्छ होते आणि पोरगा स्वभावानंही गोड होता.

दुसऱ्या खुर्चीवर कुणीतरी बसवायचं म्हणून मला सांगितलं, तुमच्या वर्गातली एखादी मुलगी द्या. मी एक मुलगी दिली.

ती रत्नागिरीकडची. बाप अल रुवैसला, म्हणजे कतारच्या पार उत्तरेच्या टोकाला, एका कतारी मालकाच्या मच्छीमार बोटींचा सगळा कारभार बघायचा. बर्फ, डिझेल, माणसं, माल. रुवैसहून रोज शाळेला येणं शक्य नाही, म्हणून ती आठवडाभर दोह्यात फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, राहायची आणि गुरुवारी दुपारी बापाच्या पिकअपमधून घरी जायची. वर्गातली बाकीची मराठी मुलं माझ्याशीसुद्धा इंग्रजीत बोलायची. मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. ही एकटी मराठीत बोलायची, आणि तेही असं, की ऐकणाऱ्याला आपण कुठे बसलोय ते विसरायला व्हावं.

तिची अडचण मला ठाऊक होती. दहावी झाली की बाप तिला रत्नागिरीला चुलत्याकडे धाडणार होता. त्याचं म्हणणं, इथे शिकून आपल्या पोरीला काय मिळतंय? या शाळा साहेबलोकांच्या पोरांच्या. तिला इथेच राहायचं होतं, आईबापांजवळ. अकरावी-बारावी इथेच करायची होती. चुलत्याच्या घरी आधीच सात पोरं, तिथे ही जाणार म्हणजे शिकायला कमी आणि भाकऱ्या थापायला जास्त, हे तिला कळत होतं. तिनं मला ते एकदाच सांगितलं. रडली वगैरे नाही.

यजमान शाळेकडून नियमांचे कागद आले. ते माझ्याशिवाय कुणी वाचले नाहीत. त्यात लिहिलं होतं, भाषणाची वेळ खुर्च्यांच्या प्रमाणात. माल्टाला दीड मिनिट.

मी इंग्रजीच्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढं कडक कुणी पाळत नाही हो. मूल चांगलं बोलत असलं की कोण थांबवतंय?"

मी मुलीला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं. म्हटलं, "भाषण त्याचं. तू वेगळं काम करायचं. उपसूचना म्हणजे काय माहितीये?"

"पुस्तकात हाय."

"पुस्तकातलं सोड." मग मी तिला आमच्या पालिकेतल्या दोन अपक्षांची गोष्ट सांगितली. सबंध पाच वर्षांत ते सभेत उभे राहून बोलल्याचं मी लिहिलेलं नाही. पण गावातला पहिला डांबरी रस्ता त्यांच्या वॉर्डात झाला. सभेच्या आदल्या दिवशी ते येऊन माझ्या टेबलाशी बसायचे, विषयपत्रिका वाचायचे, कुठल्या ठरावात कुठला शब्द बदलला की आपलं काम होतं ते बघायचे. आणि दोन्ही पार्ट्यांना वेगवेगळं गाठून सांगायचे, आमचं अजून ठरलेलं नाही.

"म्हणजे लोचटपणा," ती म्हणाली.

"लोचट माणूस मागतो. हे मागत नव्हते. ठरलेलं नाही म्हणाले की दोन्ही बाजू यांना चहा पाजायच्या."

ती हसली. मग तिनं ठराव वाचला आणि हसू गेलं.

ठराव होता समुद्रातून बोटींनी येणाऱ्या लोकांबद्दल. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं फुटक्या बोटींत बसून निघतात आणि पहिल्यांदा लागतो तो माल्टा. नियम असा, की ज्या देशात पहिलं पाऊल पडेल त्यानंच त्यांना सांभाळायचं. लहानसा देश, तो म्हणतो, आम्हाला झेपत नाही. बड्यांपैकी अर्ध्यांचं म्हणणं, नियम आहे तसा राहू दे. उरलेल्या अर्ध्यांचं, की बोटी समुद्रातूनच परत फिरवा.

"मॅम, म्हणजे आपण बाहेरच्यांना नको म्हणून सांगायचं?"

"आपण नाही. माल्टा."

"ते बोटीतले म्हणजे आपणच की. माजे आजोबा लाँचीनंच आलेले इकडं. पासपोर्ट नाय, काय नाय. तिकडं अमिरातीत, खोर फक्कानच्या किनाऱ्याला रात्रीचं पाण्यात उतरवलं नि सांगितलं, चालत जावा."

मी म्हटलं, "मग तुला दोन्हीकडचं कळतं. लिही."

आठवडाभर ती लिहीत आणि खोडत होती. शेवटी उपसूचना झाली ती चार ओळींची. बोट परत फिरवायची नाही. उतरलेली माणसं सगळ्या देशांनी आपापल्या आकाराप्रमाणे वाटून घ्यायची. जशा खुर्च्या वाटून घेता तशी माणसं घ्या. हे शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं. मी त्यातला एक शब्दही बदलला नाही. पालिकेत इतकी वर्षं काढून मला असं वाक्य सुचलं नसतं.

सभेच्या शनिवारी मी दोघांना घेऊन गेले. रस्ते पुढच्या वर्षीच्या आशियाई खेळांसाठी उकरून ठेवलेले, त्यामुळे पोचायला उशीर झाला. हॉल असा, की आमची सकाळची पाळी त्यात सहज मावली असती. प्रत्येक देशाचं वेगळं टेबल, टेबलावर झेंडा. जर्मनी मधोमध. माल्टा पार कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या दाराशी. दार उघडलं की झेंडा पडायचा.

मुलगा उठला. छान उभा राहिला. निळं पाणी झालं, किल्ले झाले, मोती यायच्या आत घंटा वाजली. तो थांबेना. पाठ केलेलं पोर, मधे थांबायची त्याला सवयच नव्हती. अध्यक्ष झालेल्या मुलीनं पुन्हा घंटा वाजवली आणि माइक बंद केला. तो तरी बोलतच राहिला, मग कुणीतरी हसलं, तेव्हा खाली बसला. कान लालभडक. मला त्याची दया आली आणि आमच्या शाळेचा राग आला.

मुलगी उठून त्याच्या कानात काही बोलली आणि हातात ज्यूसचा ग्लास घेऊन निघाली. चहाच्या सुट्टीभर मी भिंतीशी उभी राहून तिला बघत होते. आधी पोलंडच्या टेबलाशी, मग स्पेनच्या. ग्रीस होता एका अरबी शाळेकडे. तिथला एक जॉर्डनी मुलगा तिला म्हणाला, "तुमची दोन मतं घेऊन मी काय करू?"

"काही करू नको. माझ्या चार ओळी वाच."

त्यानं वाचल्या. "ग्रीसलाही बोटी लागतात," तो म्हणाला.

"म्हणूनच आले. आणि सायप्रसला तूच सांग, तुझं ऐकतील."

"यल्ला, चल," म्हणून तो उठला.

जर्मनीच्या मुलांना तिनं सांगितलं, आमचं अजून ठरलेलं नाही. समोरच्या गटातल्या फ्रान्सलाही तेच. दोन्ही टेबलांवरून तिला बिस्किटं मिळाली. ती तिनं आणून मुलाला दिली. "खा. आपण जिंकतोय बहुतेक."

दोन्ही बडे गट जवळजवळ बरोबरीचे होते. कडेच्या लहान देशांची मतं एकत्र आली तेव्हा दोघांनाही उपसूचनेशिवाय ठराव पास करता येईना. ती मंजूर झाली. आवाजी मतदानावर कुणाचा विश्वास बसेना, म्हणून हात मोजले, पुन्हा मोजले, आणि मंजूर झाली. मुलानं टेबलावर असा हात मारला की झेंडा पुन्हा पडला.

संध्याकाळी इतिहासाच्या सरांनी जाहीर केलं. इस्टरच्या सुट्टीत त्यांची शाळा काही मुलांना स्ट्रासबुर्गला खरी संसद बघायला नेणार होती. त्यात एक जागा पाहुण्या शाळांमधल्या सर्वांत चांगल्या प्रतिनिधीसाठी राखून ठेवलेली होती. सगळा खर्च त्यांचा. ती जागा तिला.

पुढच्या गुरुवारी बाप शाळेत आला. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ आणि बर्फात हामूर मासे. स्टाफरूममध्ये शाकाहारी बायकांनी पदर नाकाला लावले. तो दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, पोरीनं सांगितलं. मी मालकालापण सांगितलं. मालक विचारतो, माल्टा खंय?"

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, आपल्या कतारपेक्षा बारीक, पण त्याला खुर्ची हाय." मग आवाज उतरवून म्हणाला, "मी तिला बोललोय. तिथं जाऊन आलीस तर अकरावी इथंच कर. ज्या गावात पोरीचं नाव माइकवरनं घेतात, तिथनं तिला कशाला न्यायची?"

एवढं सोपं होतं ते. ती गेली की राहणार, नाही गेली की परत.

तिकिटं आणि राहणं यजमान शाळेचं, पण व्हिसा ज्याचा त्यानं काढायचा होता. भारतीय पासपोर्टला व्हिसा, आणि व्हिसासाठी बापाच्या मालकाचं ना-हरकत पत्र. मला वाटलं, घोडं इथे अडणार. कतारी मालक, बोटींच्या धंद्यातला, त्याला काय पडलंय? पण त्यानं दुसऱ्याच दिवशी शिक्का मारून पत्र दिलं आणि वर पोरीला म्हणून खजुराचा डबा पाठवला. वकिलातीची तारीख मिळाली ती मार्चच्या शेवटची, बोर्डाची परीक्षा संपल्यानंतरची. वेळ अगदी बेताचा होता, पण होता.

फेब्रुवारीत प्राचार्यांनी मला बोलावलं. माझ्याकडे न बघता टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "त्या ट्रिपचं समितीनं ठरवलंय. तो मुलगा जाईल."

"कोणता मुलगा?"

"तोच. माल्टाचा. तोही प्रतिनिधी होताच ना."

"सर, जागा तिला मिळालीय. नाव घेऊन."

"शाळेला मिळालीय मॅडम. शाळा कुणाला पाठवायचं ते ठरवणार. उद्या तिचा व्हिसा नाकारला तर? आयत्या वेळी जागा फुकट जाईल, शाळेचं नाव जाईल. त्या मुलाकडे कॅनडाचा पासपोर्ट आहे. त्याला व्हिसाच लागत नाही. प्रॅक्टिकल विचार करा. तुम्ही तर प्रॅक्टिकल आहात."

"तिची तारीख मिळालीय. निदान तिथून नकार येईपर्यंत तरी थांबा."

"समितीत मंजूर झालंय."

मी विचारलं, "विषयपत्रिकेवर होता हा विषय?"

ते हसले. "शेवटी, इतर विषयांत घेतला."

मी पालिकेत काम केलेलं आहे. आमच्याकडे त्याला आयत्या वेळचे विषय म्हणतात. सभा संपत आलेली असते, निम्मे सभासद उठून गेलेले असतात, चहावाला कप गोळा करत असतो, आणि अध्यक्ष म्हणतात, बाई, एक छोटासा विषय राहिलाय, लिहून घ्या. ज्या गोष्टी दिवसाउजेडी मांडायची लाज वाटते त्या सगळ्या गोष्टी मी त्या मथळ्याखाली लिहिल्या आहेत. भूखंड लिहिलेत, ठेके लिहिलेत, पुतणे लिहिलेत.

"त्या मुलाचे वडील होते का सभेत?"

"होते. पण त्या विषयावर ते बोलले नाहीत."

"बाहेर गेले होते?"

"बसले होते. मॅडम, ही तुमची म्युनिसिपालिटी नाही."

तेवढं खरं होतं. पालिकेत निदान कुणीतरी हरकत घेतली असती. पैसे खाऊन मागे घेतली असती, पण घेतली असती.

मी इतिहासाच्या सरांना फोन केला. ते गोंधळले. म्हणाले, फार वाईट वाटतं, पण तुमच्या शाळेच्या निर्णयात आम्ही कसं पडणार? आणि शेवटी तोही माल्टाचाच आहे ना? मी म्हटलं, होय, तोही माल्टाचाच. तो कॅनडाचाही आहे आणि भारताचाही. ज्याच्याकडे एक देश जास्त त्याला खुर्ची जास्त. त्यांना ते विनोदी वाटलं असावं, हलकंसं हसले.

मुलीला मी स्वतः सांगितलं. उगाच दुसऱ्याकडून कळायला नको. ती म्हणाली, "व्हिसा नाकारला काय?"

"नाही. विचारलंच नाही त्यांना."

"म्हणजे नको म्हणायचं ते युरोपवाल्यांनी नाय, आपल्याच लोकांनी म्हटलं?"

"हो."

"अब्बांना मी नाय सांगणार. तुम्हीच सांगा." आणि परीक्षेच्या अभ्यासाला निघून गेली.

बापाला निरोप धाडला, तसा तो गुरुवारी आला. आत येईना. मी फाटकाबाहेर गेले. पिकअपच्या हौद्यात रिकामे क्रेट, डिझेलचा वास. मी त्याला सगळं सरळ सांगितलं. पासपोर्ट, समिती, इतर विषय. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "पोरीनं काय चूक केली?"

"काही नाही."

"तो पोरगा तिच्यापेक्षा हुशार?"

"नाही."

"मग तिला जिंकवलंत कशाला?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मालकाशी भांडायची सवय असलेला माणूस, पण माझ्याशी भांडला नाही. उलट मलाच समजावल्यासारखं बोलला, "बाई, मी काय रोज पोरांना हेच सांगतो. खलाशी लोकांना. मालक चांगला असतो, सायब चांगला असतो, मधलाच आपला माणूस असतो तो मारतो. मला ठावक होतं नि मी पोरीपुढं विसारलो. परीक्षा झाली की नेतो तिला. चुलत्याला फोन करून ठेवलाय."

"अकरावी इथे करू दे. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही."

"नाय कसा? इथं ऱ्हाण्याचं कारण एकच होतं ना तिचं. कारण खलास."

मी आणखी बोलले. तिचे मार्क सांगितले, इथल्या अकरावीचं सांगितलं, फुफीचं घर आहेच म्हटलं. त्यानं सगळं मान डोलावून ऐकलं, मुलगी आली तशी दार उघडून तिला आत बसवलं आणि मला सलाम करून गाडी वळवली.

एप्रिलमध्ये मुलगा स्ट्रासबुर्गला जाऊन आला. मेच्या शेवटी निकाल लागले, आणि ती शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. तो अकरावीच्या वर्गात बसायला लागलेला. ऑफिसच्या बाहेर बाकावर तिला बघून जवळ आला. माझ्यासमोरच उभा राहिला, हात खिशात, मान खाली. पोराला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. एरवी इंग्रजीत बोलणारा तो, तिच्याशी हिंदीत बोलला.

"वहाँ माल्टा का टेबल ही नहीं है," तो म्हणाला.

"म्हणजे?" ती मराठीतच.

त्यानं सांगितलं. खऱ्या संसदेत देशाप्रमाणे बसतच नाहीत. पक्षाप्रमाणे बसतात. माल्टाचे खासदार पाच, त्यातले काही या टोकाला, काही त्या टोकाला. एकमेकांच्या विरुद्ध मत देतात. आणि तो बसला होता तेव्हा हॉल जवळजवळ रिकामा होता. एका लहानशा देशाची बाई उभी राहून बोलत होती आणि ऐकणारे कानाला दुभाष्याचं यंत्र न लावता आपापले कागद चाळत होते.

"आपण केलं ते सगळं चूकच होतं म्हण की," ती म्हणाली. "टेबल पण, झेंडे पण."

"हां. सब गलत था."

"आणि ते आपापसात भांडतात?"

"बहुत."

"चला, म्हणजे तिथं मी शोभले असते." ती हसली, तोही हसला. त्यानं तिच्यासाठी काहीतरी आणलं होतं, निळा पेन, त्यावर पिवळे तारे. तिनं तो घेतला, झाकण काढून हाताच्या तळव्यावर रेघ ओढून पाहिली, चालतोय म्हणाली आणि पिशवीत टाकला. तो वर्गात गेला.

दाखल्यावर कारण लिहायचं होतं. लिपिकानं विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, "पालकांची बदली लिहा. सगळे तेच लिहितात." बाप रुवैसलाच राहणार होता, आई रुवैसलाच, बदली एकट्या तिचीच. लिपिकानं लिहिलं. मी वर्गशिक्षिका म्हणून सही केली.

फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. पिकअप समोरच उभी होती. म्हटलं, पत्र लिही. रत्नागिरीतही कॉलेजात संसद असेल, निवडणूक असेल, उभी राहा. शिक्षकांनी बोलायचं ते सगळं बोलले. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मॅम, पुढच्या वर्षी पण तुम्हीच पोरं निवडणार काय?"

"बहुतेक."

"मग आधी पासपोर्ट बघून घ्या."

ती टोमणा म्हणून बोलली नव्हती. कामाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं आणि गाडीत बसली. पुढच्या वर्षी आम्हाला बढती मिळाली, स्लोव्हेनिया, तीन खुर्च्या. मी नववी-दहावीच्या सगळ्या तुकड्यांतून फिरले आणि प्रत्येक हुशार मुलाला आधी पासपोर्टचं विचारलं.